आसरेची ओटी

रंगनाथ पाळदे दारू पीत नसे. एवढ्या एका गुणावर त्याच्या आईने, गोजराबाईने, एकलहऱ्याच्या पंचक्रोशीत कितीतरी वर्षं ताठ मानेने काढली. वीज केंद्रात पाळीची नोकरी, बायकोवर हात उगारणं नाही, आवाज चढवणं नाही, पत्त्यांचा नाद नाही. लग्न जुळवताना मुलाचे जे जे दुर्गुण चौकशी करून काढतात, त्यांपैकी एकही त्याच्यात नव्हता. जो होता, तो विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

ज्योत्स्ना नांदगावची. १९९१ साली ती या घरात सून म्हणून आली. दहावी पास, हातात शिवणकाम, आणि नजर अशी की एकदा पाहिलेलं कापड पुन्हा दिसलं तर ओळखणार. सुनेची नजर चांगली असणं हा गुण मानावा की नाही, याबद्दल गोजराबाईचं मत पुढे बदललं.

लेक वेदिका झाल्यानंतर दोनेक वर्षांनी ज्योत्स्नाला पहिल्यांदा ते दिसलं. रंगनाथ जेवत होता. दुसऱ्या पाळीचा आठवडा, म्हणजे कामावर जायचं ते दुपारी तीनला. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवलेला, आणि हात तिथेच थांबला. मान किंचित वळली, बाहेरून कोणी हाक मारावी तशी. बाहेर कोणी नव्हतं. ऊन होतं.

"अहो, भात वाढू?"

तिने पुन्हा विचारलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या दिशेने पाहिलं. मग उठला, हात न धुता चपला घातल्या, "आलो" म्हणाला आणि गेला. आला तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं. नदीवर जाऊन आलो, म्हणाला. उकडत होतं. माघ महिना होता.

त्यानंतर ते वारंवार होऊ लागलं. भर दुपारी, बाराच्या सुमाराला, रस्त्यावर माणूस नसताना, तो ओल्या अंगाने परत येई. अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून आत, शहाबादी फरशीवर त्याची ओली पावलं उमटत आणि तो खोलीत पोचेपर्यंत उंबऱ्याजवळची वाळूनही जात. शेजारच्या झुंबरबाईने एकदा ती पाहिली आणि गोजराबाईला बाजूला घेतलं.

"गोजराक्का, सरळ बोलते, राग मानू नको. ह्या पावलांना टाच कुठंय? नुसते चवडे हायेत. पोरगं चालत येत नाय, आणून सोडतंय कोणीतरी."

माणूस चोरपावलाने घरात शिरला की टाच टेकत नाही, हे गोजराबाईलाही ठाऊक असावं. पण झुंबरबाईचं म्हणणं जास्त सोयीचं होतं. त्यात मुलाची काही चूक नव्हती.

पुंजाराम भगताला बोलावण्यात आलं. हा गृहस्थ पूर्वी बाजार समितीत हमाली करायचा. आता लोकांची वेगळ्या प्रकारची ओझी उतरवायचा आणि पाठ दुखायची थांबली म्हणून समाधानी होता. त्याने रंगनाथच्या डोळ्यांत पाहिलं, तांदळाचे दाणे टाकले आणि निदान केलं. नदीच्या डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा. पाण्यातल्या बहिणी. त्यांतल्या धाकटीचं मन रंगनाथवर बसलं होतं.

"उपाय हाय," पुंजाराम म्हणाला. "दर अवसेला तिची ओटी भरायची. भरायची ती लग्नाच्या बायकोनं, मनापासून. न्यायची मात्र ह्यानं एकट्यानं, बाराच्या ठोक्याला. मागं वळून पाह्यचं नाय. आणि पोरी, तू मागं जायचं नाय. गेलीस, तिला पाह्यलंस, तर ती ह्याला सोडंल आणि तुला धरंल."

रंगनाथ खाली मान घालून ऐकत होता. माणसाला आयुष्यात फार थोड्या वेळा असं निमित्त मिळतं, जे घरच्यांनीच शोधलेलं, भगताने मंजूर केलेलं आणि वर महिन्यातून एकदा बंधनकारक असतं.

ज्योत्स्नाने ओट्या भरल्या. सवतीसाठी घेतलेला खण हलका असला तर सवत चिडते, म्हणून चांगला काठाचा. हिरव्या बांगड्या, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. खणाच्या कापलेल्या कडेचे दोरे निघतात. देवीला दोरे लोंबणारा खण कसा द्यायचा, म्हणून ती कड ती लाल दोऱ्याने बारीक दुमडून घ्यायची. हे शास्त्र कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिचंच होतं. अवस पहिल्या पाळीत आली तर रंगनाथ पाळी बदलून घ्यायचा. देवाच्या कामाला कोणी नाही म्हणत नाही.

आणि गुण येई. ओटी देऊन आला की दोन-चार दिवस तो अगदी घरातला होई. वेदिकाला खांद्यावर घेई, ज्योत्स्नाच्या मांडीवर डोकं ठेवून रडे. "माझ्यासारख्याला तू भेटलीस," म्हणे. पुढचं म्हणत नसे. मग पुन्हा कधीतरी जेवताना हात थांबे. पुंजारामने औषध लागू पडतंय हे पाहून मात्रा वाढवली, पौर्णिमाही धरली.

याच काळात ज्योत्स्ना टेहळणी करू लागली. आपण असं काही करतोय हे तिला बरेच दिवस कळलं नाही. तो भांग कोणत्या बाजूने पाडतो, बटणं किती सावकाश लावतो, यावरून तिला कळू लागलं की आज तो जाणार. तो झोपला की ती त्याचा श्वास ऐकत जागी राही. त्याचा शर्ट धुण्याआधी हुंगे. शर्टाला नदीचा वास असे, आणि नदीच्या वासाखाली दुसरा एक सुगंधी खोबरेल तेलाचा, तिच्या घरात कधी न आलेला.

एकदा त्याच्या मानेवर ओरखडा दिसला.

"हे काय लागलं?"

"कुठं?"

"इथं, कानाखाली."

रंगनाथ आरशापाशी गेला, मान वाकडी करून सावकाश पाहिलं आणि इतक्या शांतपणे बोलला की कोणालाही खरं वाटावं. "काहीच नाय गं. तुला दिसतंय."

तिने पुन्हा पाहिलं. ओरखडा होता. तिसऱ्यांदा मात्र पाहिलं नाही. तिसऱ्यांदा पाहिल्यावर तो नसता तर काय, ही भीती तिला वाटली. त्या दिवसापासून नवरा कुठे जातो हा प्रश्न तिच्या लेखी दुसरा झाला. पहिला प्रश्न असा झाला, की आपल्याला जे दिसतं ते असतं का.

१९९७च्या भाद्रपदात ती नाशिकरोडच्या बाजारात अस्तराचं कापड घ्यायला गेली होती. दुपारची वेळ, दुकानदार गल्ल्यावर पेंगत होते. रसवंतीच्या सावलीत एक बाई उभी होती. केस ओले, पाठीवर मोकळे. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. अंगात खणाचं पोलकं. कोणीतरी घाईत शिवलेलं, आणि त्याच्या खालच्या पट्टीला लाल दोऱ्याची बारीक दुमड.

तो खण ज्योत्स्नाने आषाढातल्या अवसेला दिला होता. मग तिने जे केलं ते तिच्या जागी तिच्या घरातल्या कोणत्याही बाईने केलं असतं. ती पुढे झाली, पदर खांद्यावरून घेतला आणि भर बाजारात त्या बाईच्या पायावर डोकं ठेवलं.

"अगं ए! ए बाई! पाया काय पडते? मी काय देवी हाय का?"

"आई, माझं माणूस सोड," ज्योत्स्ना खालूनच म्हणाली.

"कोण आई? अंबू नाव माझं. ऊठ आधी, लोक बघून राह्यले."

ज्योत्स्ना उठली. अंबूच्या तोंडाला तंबाखूचा वास होता. देवींना नसतो असं नाही, पण ज्योत्स्नाने धीर केला. "हा खण कुठला?"

"भक्तानं दिला," अंबू हसली. "येतो एक हायवेकडच्या खोल्यांवर. दर अवसेला खण-नारळ घेऊन. इतक्या वर्षांत लय गिऱ्हाईक पाह्यलं, ओटी भरणारा हाच. आधी रडतो, मग बसतो, मग परत रडतो. माझ्याकडंच येतो असं नाय, सगळ्यांकडं जातो. अवसेबिगरही येतो. कधी एकीकडून उठून दुसरीकडं, भूक लागल्यावाणी, आणि जेवण तर गोड लागत नाय त्याला. नारळ मात्र एकच आणतो. वाटून खावा लागतो."

"कसा दिसतो?"

अंबूने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. ज्योत्स्नाचा चेहरा तिने नीट पाहिला. रसवंतीचं चाक फिरत होतं, त्याला बांधलेली घुंगरं वाजत होती.

"तू त्याची घरची," अंबू म्हणाली. मग पोलक्याची पट्टी चाचपून, "खण परत दिला असता गं, पण शिवलाय आता."

"राहू द्या. ती कड तेवढी उसवू नका. दोरे निघतील."

ती घरी आली आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. तिला वाटलं होतं, आता घरात आकांत होईल. रंगनाथ भिंतीकडे पाहत राहिला. गोजराबाईने मात्र तिला दोनदा सगळं बोलायला लावलं.

"भर दुपारी दिसली? केस ओले? आपलाच खण अंगात?"

"हो."

"आणि तुझी तू पाया पडलीस? कोणी न सांगता?"

"हो, पण ती म्हणाली—"

"अगं पोरी, ती आसराच होती की गं! आसरा काय पाण्यातच बसून राहती? बाजारात फिरती, बाईच्या रूपात फिरती. अंबू म्हणं! अंबू म्हणजे पाणीच की! भगतानं सांगितलं होतं, पाहू नको म्हणून. पाह्यलंस!" मग मुलाकडे वळून, "रंगा, तुला कोणी अंबू माहिती हाय का?"

इथे एका शब्दाने सगळं उलटलं असतं. "नाय," रंगनाथ म्हणाला. "ही हल्ली असंच काहीबाही बोलती. मला काय लागलं, कुठं लागलं, विचारत राहती. रात्रीची बसून राहती माझ्याकडं बघत."

यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं, पहिला शब्द सोडून.

ज्योत्स्ना पुढचे काही दिवस बाजारात जाऊन रसवंतीपाशी उभी राहिली. अंबू दिसली नाही. रसवाल्याला विचारलं, ओल्या केसांची बाई त्याला आठवेना. पुलावरून येताना तिला पलीकडच्या काठावर हिरव्या बांगड्यांचा हात दिसला, जवळ गेल्यावर वेल निघाली. तिचं जेवण तुटलं. दाराशी उभी राहून ती बाराच्या उन्हाकडे पाहत राही आणि मान किंचित वळलेली असे, रंगनाथची असायची तशीच. झुंबरबाईने हे पाहिलं, आणि आता कोणाला धरलंय याबद्दल गावात शंका उरली नाही.

ठरलं असं: सर्वपित्री अवसेला डोहाकाठी तिला बसवून आसरेला बोलतं करायचं. आसरा गेली तर ठीक. नाही गेली तर ज्योत्स्नाला नांदगावला भावाकडे सोडायचं. "पोर इथंच राहील," गोजराबाई म्हणाली. "बाधेच्या बाईपाशी लेकरू ठेवत नायत."

त्या दुपारी हवा पडलेली होती. डोहावर एक तरंग नाही. सात दगडांना नवा शेंदूर, समोर ज्योत्स्ना, केस सोडलेले, हातात लिंबाचा डहाळा. भोवती पाच-पंचवीस बायका, मागे रंगनाथ. पुंजारामने ऊद घातला.

"बोल, कोण हायेस तू?"

"ज्योत्स्ना."

"लबाड बोलती," गोजराबाई कुजबुजली. "पहिल्यांदा बोलतातच."

"परत सांग. कोण हायेस?"

"मी ज्योत्स्ना आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला काहीही धरलेलं नाही." ती बोलत होती, आणि कोणी ऐकत नव्हतं असं नाही, सगळे जिवाच्या आकांताने ऐकत होते, फक्त तिचं नव्हे. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "रंगनाथ, इकडे ये. सांग यांना, तू कुठे जातोस."

लग्नाची बायको नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारत नाही. आसरेला काय भीती? झुंबरबाईने आधी हात जोडले, मग सगळ्याच खाली वाकल्या.

रंगनाथ पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि त्याने ज्योत्स्नाचे पाय धरले. "आई," तो म्हणाला, "सांगतो. तुला सगळं माहिती हाय." आणि त्याने सांगितलं. हायवेच्या खोल्या, व्हिडिओची दुकानं, नदीवरची अंघोळ, अंबू आणि अंबूच्या आधीच्या, ज्यांची नावं त्याला कळलीसुद्धा नव्हती. "मला नको असतं आई, तरी जातो. जाताना पाय माझे नसतात. येताना मात्र माझेच असतात."

ज्योत्स्ना ऐकत होती. एवढी वर्षं ज्या वाक्यांसाठी ती जागली होती, ती वाक्यं तिच्या पायाशी पडत होती, आणि तिला उद्देशून नव्हती.

रंगनाथ थांबल्यावर गोजराबाई डोळे पुसत म्हणाली, "किती रूपं घेऊन नादी लावलंस गं माझ्या लेकराला, आई!" झालं. कबुली झाली आणि तिचा पंचनामाही झाला. खोल्यांवरच्या साऱ्या बायका पाण्यात विरघळून गेल्या.

नांदगाव टळलं. देवी जिच्या अंगात येते तिला कोणी घराबाहेर काढत नाही. उलट गोजराबाई सकाळी पाया पडून पहिला चहा तिला देऊ लागली. अवसेला बायका प्रश्न घेऊन येत. हरवलेली म्हैस कुठे आहे, असं एकीने विचारलं; ज्योत्स्ना कंटाळून म्हणाली, "ओढ्यापलीकडे," आणि म्हैस तिथेच सापडली. त्या रात्री नव्हे, पण नंतरच्या दुपारी आरशात पाहताना तिला स्वतःच्या चेहऱ्याकडे फार वेळ पाहवेना. कोणी उत्तर दिलं होतं?

आणि रंगनाथ आता ओटी तिलाच आणून देई. समोर बसून, डोळे मिटून, मागच्या अवसेपासूनचं सगळं सांगे. रडे. उठे तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ असे. दोन-चार दिवस बरे जात. मग हात थांबे. पाचसहा अवसा गेल्यावर ज्योत्स्नाच्या लक्षात आलं की हे सांगणं म्हणजे थांबणं नव्हे, पुढच्या फेरीची ती तयारी आहे; आणि ज्या धाकटीची ती वर्षानुवर्षं ओटी भरत होती, ती जागा आता भरली आहे. ती स्वतःच तिथे बसली आहे.

पुढच्या अवसेला त्याने डोळे मिटले तेव्हा ती म्हणाली, "आज इथं नाही. दवाखान्यात चल."

"आसरेला दवाखाना कशाला?" गोजराबाई गोंधळली. पण आज्ञा ती आज्ञा.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या आणि बाहेरच्या संबंधांतून होणाऱ्या आजारांचे रोगी रोज पाहत होत्या. त्यांनी सरळ विचारलं. किती बायकांशी संबंध, किती वर्षं, शेवटचं कधी. रंगनाथने खुर्ची बायकोकडे वळवली, हात जोडले, डोळे मिटले. "आई, तुला तर सगळं—"

"आई?" डॉक्टरीणबाईंनी ज्योत्स्नाकडे पाहिलं. "तुम्ही यांच्या कोण?"

"बायको."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हात खाली घ्या," ज्योत्स्ना म्हणाली. "डोळे उघडा. माझ्याबरोबर दुसरं कोणीही आलेलं नाही. नदीवरही नव्हतं आलेलं. तिथं मीच होते."

रंगनाथने डोळे उघडले. जोडलेले हात सुटले तसे ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. देवीसमोर घडाघडा बोलणारा माणूस बायकोसमोर असा गप्प बसला, की बाहेरची रांग आत डोकावू लागली.

"मला दिसत होतं ते होतं का?" तिने विचारलं. "एवढंच सांगा."

"होतं."

"सगळं?"

"तुला दिसलं त्याहून जास्त होतं." तो पहिल्यांदाच तिच्याकडे पाहून बोलत होता, आणि रडत नव्हता. पुढचं इतक्या हळू आलं की नीट ऐकू यावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी पंखा बंद केला.

दोघांचं रक्त तपासलं. नशिबाने दोघेही वाचले. नशिबाखेरीज त्याला दुसरं कारण नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी रंगनाथला मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. ज्योत्स्ना घरी आली, पाया पडायला वाकलेल्या सासूला तिने हाताला धरून उभं केलं आणि म्हणाली, "आत्या, तुमची देवी गेली. आता तुम्हाला सून चालत असेल तर बघा." गोजराबाईला देवी हवी होती. वेदिकाला घेऊन ज्योत्स्नाने जेल रोडला एक खोली केली, शिवणाचं मशीन टाकलं. गावाने म्हटलं, बाधा पुन्हा आली.

रंगनाथ अजून तिथे येतो. आता दोन हजार पाच उजाडलंय. अवसेला यायची त्याला बंदी आहे, नारळ आणायचीही. कुठल्याही वारी, दिवसाउजेडी, उंबऱ्याबाहेर बसतो आणि सांगतो: गेलो, किंवा नाही गेलो. ज्योत्स्ना मशीन न थांबवता ऐकते. ती त्याला माफ करत नाही, हाकलतही नाही. कधी म्हणते, "खोटं." कधी म्हणते, "बरं." तो गेल्यावर, आपल्याला दिसलं ते होतं का, असा विचार ती पुन्हा करत बसत नाही.